शब्बाथशाळेतली गोष्ट घरापर्यंत कशी न्यावी

शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधली मुलांची रविवारची शाळा, घेणाऱ्या आईबापांचा रविवार कसा जातो, हे मला चांगलं माहीत आहे. सकाळी तीस मुलांसाठी घसा बसेपर्यंत गायचं आणि घरी आल्यावर स्वतःच्या लेकराने हाक मारली की ‘थांब जरा’ म्हणायचं. माझी कितीतरी वर्षं अशीच गेली. एका दुपारी धाकटी बाहुल्यांना सतरंजीवर ओळीने बसवून शब्बाथशाळा घेत होती आणि मी आतून ओरडले, “आवाज कमी कर.” ती गप्प झाली. तिचं ते गप्प होणं मला फार लागलं, आणि पुढच्याच आठवड्यापासून आम्ही रविवारची घडी बदलली. सकाळच्या मुलांसाठी आणि घरच्यांसाठी दिवसभर गोष्ट एकच ठेवायची, असं ठरवलं. हे कसं जमवायचं ते हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीवरून सांगते: शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ बाकीची नव्व्याण्णव सोडून त्यालाच शोधायला जातो.

शनिवारी संध्याकाळी

पाठाचं पुस्तक बाजूला ठेवून लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातल्या ३ ते ७ या ओव्या (वचनं) पवित्र शास्त्रातूनच, म्हणजे बायबलमधूनच वाचा. तीनदा वाचा, शेवटच्या वेळी मोठ्याने. मग भाजी निवडता निवडता घरातल्या मोठ्या माणसाला गोष्ट सांगून पाहा. कुठे अडखळतो ते तिथेच कळतं. घरच्या मुलांना गोष्ट आधी सांगू नका, पण तयारीत घ्या. शंभर चिंचोके धुऊन, पुसून, मोजून डब्यात भरायचं काम त्यांचं.

रविवारच्या रश्श्याचं वाटण रात्रीच करून ठेवा. कपड्यांना इस्त्री, दानाचे पैसे, हजेरीची वही, खडू हे सगळं दाराशी एका पिशवीत. सकाळची चिडचिड बहुतेक या शोधाशोधीतूनच होते.

शब्बाथशाळेचा तास

आमची उपासना साडेनऊला, म्हणून शब्बाथशाळा साडेआठला. मुलांच्या आधी अर्धा तास पोहोचा. वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत, दार उघडं हवं, आणि मूल ज्याने सोडलं त्याच्याच किंवा त्याने सांगितलेल्या माणसाच्या हाती परत द्यायचं. सगळे ओळखीचे आहेत म्हणून यात ढिलाई नको. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याची शंका आली, तर ते पोलिसांना कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. ‘मंडळीतली गोष्ट मंडळीत मिटवू’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर वर्गात भिंतीवर लावा.

दहा मिनिटं गाणी, छोटी प्रार्थना, मग गोष्ट. गाण्यांत हातवारे असलेली इंग्रजी गाणी मुलांना आवडतात, ती जरूर घ्या. पण निदान एक मराठी भजन दर रविवारी हवंच. मराठी ख्रिस्ती भजनं लिहिणाऱ्या ना. वा. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात. त्यांचं ओवी-अभंगाच्या चालीवरचं भजन टाळ मिळाला की चार वर्षांचं पोरही ठेक्यात म्हणतं.

गोष्ट सात-आठ मिनिटांत संपली पाहिजे. ‘आज आपण शिकणार आहोत’ अशी सुरुवात करू नका. चिंचोके सतरंजीवर ओता आणि मुलांना दहा-दहाचे ढीग करायला सांगा. एक चिंचोका तुम्ही आधीच खिडकीच्या कट्ट्यावर लपवून ठेवलेला असतो. नऊ ढीग पुरे होतात, दहावा नऊवर अडतो. मुलं पुन्हा मोजतात, भांडतात, एकमेकांच्या मुठी उघडून बघतात. मग कुणीतरी हमखास म्हणतं, “टीचर, एकच तर कमी आहे!”

इथे थांबा. सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. विचारा, मेंढपाळ काय म्हणाला असेल? प्रभूनेही ही गोष्ट प्रश्नानेच सुरू केली आहे. आमच्या नगरकडच्या मुलांना मेंढरं समजावून सांगावी लागत नाहीत. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारी कुटुंबं, रस्त्याने जाताना त्यांनी पाहिलेले असतात, नुकतं जन्मलेलं कोकरू घोड्याच्या पाठीवर किंवा धनगराच्या कवेत पाहिलेलं असतं. तेच त्यांच्याकडून काढून घ्या. मग सगळ्यांना मिळून चिंचोका शोधू द्या. सापडल्यावर जो गलका होतो तो होऊ द्या, कारण लूकमधली गोष्टही शेजाऱ्यांना बोलावून आनंद करण्यापाशीच येते. ‘तर मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?’ हे वाक्य मी सोडून दिलं आहे, तुम्हीही सोडा.

नंतर सुवर्णवचन, म्हणजे त्या दिवशी पाठ करायचं वचन. फळ्यावर लिहा, सगळ्यांनी म्हणायचं, एक शब्द पुसायचा, पुन्हा म्हणायचं. फळा कोरा होईपर्यंत वचन पाठ झालेलं असतं. एकेकट्याला उभं करून वाचायला मात्र लावू नका. १७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्सने रविवारच्या शाळा सुरू केल्या त्याच मुळी आठवडाभर कामावर राबणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी. आजही आपल्या वर्गात चौथीत असून जोडाक्षराला अडखळणारं मूल असतं, आणि चारचौघांत एकदा हसं झालं की ते पुढच्या रविवारी पोटदुखीचं निमित्त करतं.

निघताना प्रत्येकाला एक चिंचोका द्या. तीन वर्षांखालच्यांना नको, ती तोंडात घालतात. त्यांना कागदावर कापूस चिकटवलेलं मेंढरू. उपासनेला मुलं आपापल्या घरच्यांजवळ बसू देत. तुम्हीही पिशवी बाकाखाली सारा आणि तुमच्या लेकरांजवळ बसा. त्या तासाला तुम्ही टीचर नाही.

दुपार

आवारात सलाम घालता घालता तास जातो, पण पोटात कावळे ओरडणाऱ्या मुलांना ताटकळत ठेवू नका. जेवताना ‘आज काय शिकलास?’ असं विचारलं की परीक्षा सुरू होते. त्यापेक्षा ‘चिंचोका कुणाला सापडला?’ विचारा. भाकरी रश्श्यात कुस्करत पोर सगळं आपणहून सांगतं. मग तासभर झोपा. हा वेळ वाया गेला असं वाटून घेऊ नका. संध्याकाळी हसऱ्या तोंडाने बसायचं असेल तर ही झोप लागते.

साडेचारच्या सुमाराला हजेरीची वही उघडा. आज कोण आलं नव्हतं? त्यातल्या एका घरी फोन करून, स्वतःच्या मुलांना घेऊन जा. शक्यतो चालत जा. पवित्र शास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात लेकरांशी वचनाबद्दल कधी बोलावं ते सांगितलं आहे, त्यात घरी बसण्याबरोबर वाटेने चालणंही आहे. दहा मिनिटंच बसा. का आला नाहीस, हे विचारू नका. चिंचोका तुमच्या लेकराने द्यायचा, गोष्टही त्यानेच सांगायची. धाकटीने पहिल्यांदा असा चिंचोका दिला तेव्हा त्या घरच्या मुलाला ताप होता. त्याने तो मुठीत धरला आणि आम्ही निघेपर्यंत मूठ उघडली नाही.

कुटुंबप्रार्थना

जेवणाआधी, पंधरा मिनिटं, चटईवर. मोबाइल दुसऱ्या खोलीत, मोठ्यांचेही. भजन सगळ्यात लहान मुलाने निवडायचं, तेच तेच निवडलं तरी चालेल. मग त्याने गोष्ट सांगायची. मेंढपाळाला मोटारसायकलवर बसवलं तरी मधेच दुरुस्त करू नका. त्यानंतर वाचता येणाऱ्याने त्याच पाच ओव्या वाचायच्या, म्हणजे दुरुस्ती वचनानेच होते. शेवटी प्रत्येकाने एका वाक्यात प्रार्थना करायची. आजीआजोबांची प्रार्थना लांबली तर लांबू द्या.

मुलं झोपली की वहीत दोन ओळी लिहा: आज कोण नव्हतं, आणि येऊनही कोण गप्प बसलं होतं. मग चिंचोके डब्यात भरा. मुलांना वाटून टाकले तेवढे नवे घाला आणि झाकण लावण्याआधी पुन्हा एकदा मोजा.