शेकरू ऐकायला जाताना

माझा भाचा पेनसिल्व्हेनियात असतो. मागच्या दिवाळीला येताना त्याने माझ्यासाठी एक गंमत आणली. मुठीत मावेल एवढी नळी आणि तिच्या बुडाला काळा रबरी भाता. भात्यावर बोटाने टिचकी मारली की नळीतून "कक्, कक्" असा खारीच्या खेकसण्यासारखा आवाज येतो, आणि सगळं खेळणं गदागदा हलवलं की चिडलेली किचकिच. तिकडे सप्टेंबरात खारींच्या शिकारीचा हंगाम उघडतो. लोक परवाना काढून ओक-हिकरीच्या रानात शिरतात, त्यातल्या कित्येकांच्या खिशात हा भाता असतो. "मामा, हे घेऊन भीमाशंकरला जाऊ. तुझं शेकरू धावत समोर येईल बघ," भाचा म्हणाला.

तेव्हा शेकरू, म्हणजे आपल्या रानातली ती मोठी खार, ऐकायला जायच्या तयारीच्या यादीतली पहिली गोष्ट हीच की तो भाता घरी ठेवायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या नुसती गोळी घालण्यापुरती नाही. जनावराला हाकणं, आमिष दाखवणं हेसुद्धा तिच्यात येतं. भाता वाजवणं त्यात बसतं की नाही याचा कीस वकिलांनी काढावा. मला एवढंच कळतं की शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, आणि तिथल्या जनावराला खोट्या आवाजाने फसवून फांदीवर नाचवण्यात कसलीही मर्दुमकी नाही.

पण भाच्याशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली. हे शिकारी लोक आवाज काढण्यापेक्षा आवाज ओळखण्यात जास्त मुरलेले असतात. भाच्याने सांगितलेले तीन प्रकार ऐका. पहिला दात चालवण्याचा. कडा दातेरी असलेली दोन नाणी एकमेकांवर घासली की खार कठीण कवचाचं फळ कुरतडते तसा आवाज होतो. बाकीच्या खारींना वाटतं, कुणीतरी निवांत जेवतंय, म्हणजे धोका टळला. दुसरा खेकसण्याचा. तो खार जवळ यावी म्हणून नसतो, लपलेल्या खारीने उत्तर द्यावं आणि आपली जागा उघड करावी म्हणून असतो. तिसरा पिल्लाच्या किंकाळीचा: बारीक शिट्टी फुंकायची आणि त्याच वेळी पानांची फांदी बुंध्यावर झोडायची, म्हणजे ससाण्याने पिल्लू उचललं असं वाटून आसपासच्या खारी ओरडत बाहेर येतात. हा शेवटचा प्रकार ऐकून माझ्या बायकोने भाच्याला दुसरी करंजी दिलीच नाही. तरी ज्ञान म्हणून हे तिन्ही आवाज डोक्यात ठेवा. खाण्याचा, दटावण्याचा आणि घाबरल्याचा आवाज वेगवेगळा ओळखता आला, तर भीमाशंकरला जाण्यात अर्थ आहे.

ही ओळख करून घ्यायला निदान आठ दिवस द्या, आणि त्यासाठी पुण्याबाहेर जावं लागत नाही. सोसायटीतला आंबा, बादाम, गुलमोहर, काहीही चालेल. सकाळी साडेसहा ते साडेसात खुर्ची टाकून बसा. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाच झाडावरून तीन आवाज येतात आणि नवशिक्याचा तिन्हींत घोळ होतो. तांबट पक्ष्याचं "टुक् टुक् टुक्" घड्याळासारखं एका लयीत चालतं, कितीतरी वेळ थांबत नाही. शिंपी पक्ष्याचं "टुविट टुविट" त्याच्या देहाच्या मानाने फार मोठं असतं आणि बहुधा झुडपातून, खालून येतं. आणि खारीचं "चिप् चिप् चिप्" इतकं पाखरासारखं असतं की पुष्कळ जण आयुष्यभर तो पक्षीच समजतात. शेपटीकडे बघा. प्रत्येक "चिप्"ला शेपटीला झटका बसत असेल तर ती खार, आणि तिला काहीतरी खटकलेलं आहे. मग काय खटकलं ते शोधा. आमच्याकडे दहातल्या आठ वेळा ते तळमजल्यावरचं मांजर असतं. एकदा शिक्रा हा शिकारी पक्षी निघाला, पाण्याच्या टाकीवर बसलेला, आणि तो मला खारीनेच दाखवला.

हा सराव वेताळ टेकडीवर किंवा एम्प्रेस गार्डनमध्येही होतो, पण टेकडीवर सकाळी माणसं फार आणि त्यांच्या मोबाइलवरची भजनं त्याहून फार.

आता दिवस कुठला ते ठरवा. पावसाळा बाद. भीमाशंकरला पाऊस असा कोसळतो आणि धुकं असं दाटतं की दहा हातांवरचं झाड दिसत नाही, आणि पानांवरच्या पाण्याच्या आवाजात बाकी काही ऐकूही येत नाही. श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र हे देवाचे दिवस. त्या गर्दीत रान ऐकायला जाणं हा शुद्ध वेडेपणा. डिसेंबर ते मे यातला कुठलाही मधला वार धरा. त्यातही मार्चनंतर बरं, फळं धरू लागलेली असतात.

पुण्याहून अंतर साधारण ११० किलोमीटर. चाकणची कोंडी, मग राजगुरुनगर, मंचर, तिथून डावीकडे घोडेगाव, डिंभे धरणाचं पाणी आणि पुढे घाट. सकाळी निघून सकाळच्या आवाजाला पोहोचू, असा हिशेब करू नका. शेकरू पहाटेनंतरच्या दोन-तीन तासांत आणि पुन्हा दुपार कलल्यावर हालचाल करतं, भर दुपारी फांदीवर आडवं पडून असतं. साडेदहाला पोहोचलात तर त्याची झोप बघायला मिळेल. त्यामुळे आदल्या संध्याकाळी पोहोचून मुक्काम करा.

बॅग भरण्याआधी कपड्यांचं बघा, कारण माझी पहिली फेरी कपड्यांनीच वाया घालवली. नवी कोरी विंडचीटर घेतली होती, खिशांना वेल्क्रो. देवळापासून रानात जाणाऱ्या गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर पाऊण तास बसल्यावर वर जांभळीच्या शेंड्यात काहीतरी हललं. मी दुर्बीण काढायला खिसा उघडला. "चर्रर्र!" त्या शांततेत तो आवाज धोतर फाटल्यासारखा गेला, आणि वरचं जे काही होतं ते फांदीला चिकटून असं थिजलं की पुढची वीस मिनिटं हललं नाही. शेकरूची ही सवयच आहे, संशय आला की फांदीवर सपाट होऊन निपचित. तेव्हा वेल्क्रो नको, सळसळणारं नायलॉन नको. धुऊन मऊ झालेला सुती शर्ट, मातकट किंवा शेवाळी रंगाचा, थंडीला जुना स्वेटर. किल्ल्यांचा जुडगा रुमालात गुंडाळा. काचेच्या बांगड्या असतील तर त्यांवर बाही ओढून रबरबँड. मोबाइल विमान मोडवर. सायलेंट पुरत नाही, दगडावर ठेवलेला फोन थरथरला तरी गुर्रर्र होतं.

खाण्याचंही तसंच. वेफर्सची पुडी रानात उघडणारा माणूस आणि फटाका लावणारा माणूस यांत मी फरक करत नाही. गुळाच्या दशम्या, तिळाचे लाडू, केळी. डबा स्टीलचा असेल तर फडक्यात बांधा, झाकणाचा खणखणाट वाचतो. केळ्याची साल परत पिशवीत. शेकरूला शेंगदाणे दाखवून खाली बोलावण्याचा उद्योग करू नका. ते बिचारं जमिनीवर क्वचितच उतरतं, झाडावर आहे तोवर सुखरूप असतं, आणि खाली उतरायची सवय लावली तर देवळाजवळची कुत्री आहेतच.

दुर्बीण आठ पट मोठं दाखवणारी पुरे. दहा पटीची हातात थरथरते आणि वर बघून बघून मान अवघडते ती वेगळीच. बसायला जुन्या चटईचा तुकडा, एक वही, आणि पेन नको, पेन्सिल. दवाने ओला झालेला कागद पेनला दाद देत नाही. आवाज टिपून ठेवायचा असेल तर फोनचा रेकॉर्डर चालतो, फक्त फोन हातात धरू नका, बोटं सरकल्याची खरखर रानाच्या आवाजावर मात करते. तो चटईवर ठेवून बाजूला व्हा. आणि सुरू केल्यावर पहिल्यांदा तारीख, वेळ, जागा हळू आवाजात बोलून ठेवा. माझ्याकडे अकरा अशा फायली आहेत ज्यांत छान आवाज आहेत आणि ते कुठले, हे मला सांगता येणार नाही.

मग जागा. रान कुठलं ते झाडांवरून ठरतं: अंजन, जांभूळ, पिसा, हिरडा, उंबर, मधून आंबा, आणि मुख्य म्हणजे वर फांद्या एकमेकींत मिसळलेल्या हव्यात, कारण शेकरू झाडावरून झाडावर जातं, एका उडीत पाच-सहा मीटर सहज. एकटं सुटं झाड कितीही देखणं असलं तरी सोडून द्या. पानं-काटक्यांचे फुटबॉलएवढे किंवा त्याहून मोठे गोळे शेंड्याजवळ दिसले तर ती घरटी. एक शेकरू अशी अनेक बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे मालक घरात आहे असं नाही. घरट्याच्या थेट खाली बसू नका, वीस-पंचवीस पावलं लांब बसा. वाटाड्या म्हणून जवळच्या गावातला महादेव कोळी समाजातला कुणी जाणता माणूस मिळाला तर उत्तम. हिरडा गोळा करत त्या रानात वाढलेल्या माणसाला कुठल्या झाडावर आता काय पिकलंय हे पाठ असतं. त्याला पैसे ठरवून द्या, आणि तो गप्प बसला की तुम्हीही गप्प बसा.

बसल्यावर पहिली वीस मिनिटं काही घडत नाही. तुम्ही चालत आलात तेव्हा रानाने तुमची दखल घेतलेली असते, ती विसरायला त्याला तेवढा वेळ लागतो. भाचा म्हणतो, तिकडचे शिकारीही बसल्या बसल्या भाता वाजवत नाहीत, आधी रान स्थिरावू देतात. मग हळूहळू एकेक आवाज परत येतो. शीळकरी कस्तुराची माणसासारखी शीळ, लांब रानकोंबड्याची बांग. शेकरूची चाहूल बहुतेक वेळा आवाजाआधी कचऱ्याने लागते. टप्, टप्, वाळक्या पानांवर काहीतरी पडतं. उचलून बघितलं तर कुरतडलेल्या फळाचा तुकडा, कडेला दातांचे दोन बारीक चर, आणि अजून ओला. वर बघा. मागच्या पायांनी फांदी धरून ते उलटं लोंबकळत जेवत असतं, दोन्ही हातांत फळ, आणि शेपटी खाली पडद्यासारखी.

आणि त्याची साद. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा ही खारीच्या जातीची आहे यावर विश्वास बसणार नाही. जुन्या वाड्याच्या दाराची कडी कुणीतरी घाईघाईने वाजवतंय अशी खडखड, एकसारखी, रानभर ऐकू जाणारी. ती सुरू झाली की दुर्बीण शेकरूकडे वळवण्याआधी आजूबाजूचं आकाश आणि जमीन बघा. घरच्या खारीने शिकवलं तेच इथे कामाला येतं: ते कुणाला दटावतंय? वर सर्पगरुड आहे का, वानरंही खकरताहेत का? वानर आणि शेकरू दोघं एकाच दिशेला तोंड करून ओरडत असतील तर उठून बघायला जाऊ नका. बिबट्या बहुधा दिसत नाही, पण त्याच्या वाटेत जाऊन उभं राहायचं कारण नाही.

फोनवर शेकरूचा आवाज लावून बघायचा मोह होईल. मागे एका गटाने छोटा स्पीकर आणला होता. तीनदा लावल्यावर खरंच एक शेकरू आलं, त्यांच्या डोक्यावर पंचवीस मिनिटं खडखडत राहिलं. फोटो छान मिळाले. पण ते सकाळचं जेवण सोडून आलं होतं आणि तेवढा वेळ त्याने एक फळ तोडलं नाही, हे मी घड्याळ लावून बघितलं.

परत निघताना गाडीच्या चावीचं बटण दाबलं की हॉर्न वाजतो, तो वाजू नये म्हणून किल्लीने दार उघडा. वहीत वेळा लिहून घ्या, मान चोळा आणि घोडेगावला मिसळीला थांबा. भात्याचं म्हणाल तर तो आमच्या टीव्हीखालच्या कप्प्यात आहे. नातू कधीतरी वाजवतो, आणि गॅलरीसमोरच्या आंब्यावरची खार त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.