न वाचता ‘ओके’ दाबताय? व्हायरसच्या बाबतीत या चुका टाळा

व्हायरस म्हटलं की अजून पुष्कळांना वाटतं, तो इंटरनेटवरून आपसूक येतो आणि कॉम्प्युटरला चिकटतो. तसं होतच नाही असं नाही. १२ मे २०१७ ला जगभर पसरलेला वॉनाक्राय व्हायरस कुणी काही न दाबताही एका मशीनमधून दुसऱ्यात शिरत होता. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच अपडेटमधून दिलेला होता, पण अनेकांनी अपडेट ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलं होतं. आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात मात्र गंडलेला फोन हातात घेतला की गोष्ट बहुधा वेगळीच निघते. मेसेज कन्नडमध्ये, अ‍ॅपनं मागितलेली परवानगी इंग्रजीत आणि आपलं बोट ‘ओके’वर. ज्याला कन्नड वाचता येत नाही आणि इंग्रजीचा कंटाळा आहे, तो काय दाबतोय हे त्याचं त्यालाच माहीत नसतं.

म्हणून अँटीव्हायरसच्या आधी फोनची भाषा बदला. सेटिंग्जमध्ये ‘लँग्वेज’ शोधा आणि मराठी निवडा. मग अ‍ॅपनं तुमचे एसएमएस बघायची परवानगी मागितली की ते मराठीत दिसतं, आणि लग्नपत्रिकेला माझे एसएमएस कशाला हवेत, हा प्रश्न आपोआप पडतो.

पाहुण्यांकडून आली म्हणजे खरीच, हा समज

व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येते, आरटीओचं चलन येतं, पीएम किसानची यादी येते. खरी पत्रिका फोटो, व्हिडिओ नाहीतर पीडीएफ असते. फाईलच्या नावाच्या अगदी शेवटी ‘एपीके’ असेल तर ते अख्खं अ‍ॅप आहे. मधे ‘पीडीएफ’ लिहिलेलं असलं तरी फसू नका, शेवटचा शब्द बघा. अँड्रॉइड अशा फाईलला आधी अडवतो. ‘अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप चालू द्यायचं का’ असं विचारतो. तिथं आपण स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन बटण चालू करतो! एकदा ते अ‍ॅप बसलं की ओटीपीचे एसएमएस चोराकडे वळतात. व्हॉट्सअ‍ॅपही हाती लागलं तर तुमच्याच नावानं तीच फाईल सगळ्या ग्रुपवर जाते. गडहिंग्लजच्या मावशीनं पाठवली म्हणून उघडली, आणि मावशीला पत्ताच नाही, असं होतं ते यामुळेच.

सीमाभागाची आणखी एक गंमत आहे. इकडून कर्नाटक सरकारच्या योजनेचं नाव घेऊन ‘गृहलक्ष्मीचे २००० रुपये अडकलेत, लिंकवर जा’ आणि कोल्हापूरच्या पाहुण्यांकडून ‘लाडकी बहीण’ची लिंक, अशी दोन्ही राज्यांची जाळी एकाच फोनवर येतात. लाडकी बहीण महाराष्ट्रातल्या रहिवासी महिलांसाठी आहे. निपाणीत राहून तो फॉर्म भरण्यात काही अर्थच नाही, तरी भरणारे भरतात. पैसे मिळायचे असतील तर यूपीआय पिन लागत नाही. पिन आपले पैसे बाहेर जाताना किंवा शिल्लक बघताना लागतो.

‘आज रात्री साडेनऊला लाईट तोडणार, या नंबरवर फोन करा’ हा मेसेज जुना झाला तरी अजून चालतो. फोन केला की समोरचा गोड बोलून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप घ्यायला लावतो आणि तुमचा पिन बसल्या जागी बघतो. बिल थकलंय का, हे घरातल्या बिलावरचा अकाउंट नंबर तुमच्याच पेमेंट अ‍ॅपमध्ये टाकून कळतं. मेसेजमधल्या नंबरची काही गरज नाही.

असं अ‍ॅप बसलंच असेल तर ते बऱ्याचदा आयकॉन लपवतं. सेटिंग्जमधली सगळ्या अ‍ॅप्सची यादी बघा. ‘अनइन्स्टॉल’ दाबलं जात नसेल तर सिक्युरिटीमधल्या ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ आणि नंतर ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या दोन ठिकाणची त्याची परवानगी आधी काढा. तरीही हटेना, तर फोन सेफ मोडमध्ये (त्यात बाहेरून घेतलेली अ‍ॅप्स बंद असतात) सुरू करून काढा.

पेन ड्राइव्ह आणि तो छोटा बाण

झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आलात, घरी पेन ड्राइव्ह लावला आणि फोल्डरच्या आयकॉनवर कोपऱ्यात छोटा बाण दिसतोय? आकार बघितला तर एक-दोन केबी. तो फोल्डर नाही, शॉर्टकट आहे. खरा फोल्डर व्हायरसनं लपवलाय आणि त्याच नावाचं आमिष ठेवलंय. त्यावर डबल क्लिक केलं की व्हायरस तुमच्या पीसीवर. इथली मोठी चूक म्हणजे ‘डेटा गेला’ म्हणून लगेच फॉरमॅट मारणं. डेटा बहुधा तिथंच असतो. आधी विंडोजमधल्या डिफेंडर या अँटीव्हायरसनं पेन ड्राइव्ह स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शनमध्ये लपवलेल्या फाईल दाखवायचं चालू करा आणि ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’ लपवण्याची खूण काढा. खरा फोल्डर फिकट दिसेल. त्यातली कामाची कागदपत्रं दुसरीकडे घ्या, मगच फॉरमॅट करा. आणि शक्यतो प्रिंटसाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा, ज्यात दुसरं काहीच नाही.

क्रॅकचा मोह

डीटीपीवाल्यांना हे कडू लागेल. फुकटचं क्रॅक, म्हणजे लायसन्स तोडलेलं, सॉफ्टवेअर घालताना पहिली सूचना असते, ‘अँटीव्हायरस बंद करा’. एवढं वाचूनही पुढं जाणाऱ्याला काय म्हणायचं? नुसत्या मराठी टायपिंगसाठी तर क्रॅकची गरजच उरलेली नाही. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आतच आहे, विंडोज १० मध्ये २०१९ पासून उच्चाराप्रमाणे टाइप करायचाही आहे. दोन-दोन अँटीव्हायरस घालणं हाही तसलाच खुळेपणा. ते एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन रडतं. विंडोज १० चा साधा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा अपडेटचं काय करायचं हे आता ठरवाच.

दुकानात विसरलेलं आधार

उतारा, जात-उत्पन्न दाखला, रेशन कार्ड, सगळ्याला आपण ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात किंवा कॉम्प्युटर सेंटरमध्ये जातो. व्हॉट्सअ‍ॅप वेब तिथंच चालू राहतं आणि आधारची पीडीएफ ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहते. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. तो ओळखायला कितीसा वेळ लागतो? उठण्याआधी फाईल डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही काढा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक केलेली डिव्हाइस’ यादीत अनोळखी मशीन दिसलं तर लॉग आउट करा.

पैसे गेल्यावर

घाबरून फोन रिसेट मारू नका, पुरावा जातो. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधू नका, तिथं दुसरा चोर भेटतो. डेटा आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून, पासबुक किंवा कार्डामागच्या नंबरवर बँकेला कळवून खातं थांबवा आणि लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन लावा. कन्नड किंवा हिंदी सराईत बोलणारं कुणी शेजारी असलं तर बरं. यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी नंबर, रक्कम, वेळ आणि खात्याचा तपशील कागदावर लिहून ठेवा, ते विचारतात. आपल्या चुकीनं ओटीपी गेला असला तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील, ते रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेच्या अंगावर असतात. म्हणून तक्रारीचा नंबर आणि कळवल्याची वेळ मागून घ्या आणि पासवर्ड बदलायचे ते त्या बाधलेल्या फोनवरून नकोत.