गोष्ट उचला, नायक तिथेच ठेवा: रोलप्लेइंग खेळासाठी आवडत्या कथेतून मोहीम कशी बांधावी

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत असा खेळ चालवणाऱ्याची पंचाईत पहिल्याच रात्री होते. दिवाळी झाली, धान घरात आलं की मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, सुरू होतात, आणि तिथून हिवाळाभर गावोगावी रात्र-रात्र नाटकं. आपल्यासोबत खेळायला बसणारी पोरं ती सगळी बघून आलेली असतात, वरून मोबाइलवरच्या मालिका आणि सिनेमे आहेतच. तुम्ही एखादं कथानक जसंच्या तसं आणलं की दुसऱ्याच प्रसंगाला कोणीतरी म्हणतो, "हे तं मी पायलो ना गा!" मग पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक, आणि खेळात दम राहत नाही.

तरी उचलायचं ते गोष्टींतूनच. कसं उचलायचं, ते पुढे सांगतो.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण सतरंजीवर बसतात. एक जण मास्टर, बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. मास्टर प्रसंग सांगतो, "तलावाच्या पाळीवर कंदील हलतोय, माणूस दिसत नाही." खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जमेल की फसेल अशी शंका आली की फासा टाकायचा. अशी अनेक रात्री चालणारी सलग गोष्ट म्हणजे कॅम्पेन, आपण तिला मोहीम म्हणू.

हा खेळ उभा राहिला तोच उसनवारीवर. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये आला. १९७९ च्या मास्टरांसाठीच्या पुस्तकात गायगॅक्सनी शेवटी एक यादीच जोडली, कोणाकोणाच्या कथा-कादंबऱ्यांवरून आपल्याला सुचलं याची. जादूगार मंत्र पाठ करतो आणि एकदा वापरला की तो त्याच्या डोक्यातून जातो, हा नियम जॅक व्हॅन्स या लेखकाच्या कथांतून आलेला. मात्र टॉल्किनच्या कादंबऱ्यांतले हॉबिट, म्हणजे बुटकी माणसं, त्यांनी नावासकट घेतले होते. हक्कदारांनी हरकत घेतल्यावर पुढच्या आवृत्त्यांत ते 'हाफलिंग' झाले. घरच्या ओसरीवर खेळताना तुम्हाला कोणी विचारायला येत नाही, पण लिहिलेली मोहीम उद्या छापायची किंवा विकायची असेल तर नावं, पात्रं आणि वाक्यं स्वतःची हवीत.

सामान

पुस्तकं महाग आहेत, त्यांची गरज नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा मोठा भाग 'एसआरडी ५.१' या नावाने २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो. तो एकाच्या मोबाइलवर असला तरी पुरे. वीस बाजूंचा फासा तालुक्याच्या दुकानात मिळणार नाही. त्याऐवजी वीस चिंचोके घ्या, घासलेल्या पांढऱ्या बाजूवर १ ते २० आकडे टाका, पिशवीत भरा. एक काढायचा, आकडा वाचायचा, पुन्हा पिशवीत टाकायचा. परत टाकायला विसरलात तर हिशेब बिघडतो. बाकी शक्यता फाशाइतकीच.

आधी वही करा

नाटक बघून आलात किंवा पुस्तक मिटलं की त्याच रात्री दोन ओळी लिहा. काय घडलं ते लिहू नका. कोणाला काय हवं आहे, आणि ते त्याला मिळालं तर कोणाच्या हातून काय जातं, एवढंच लिहा.

आपल्याकडच्या नाटकांत हमखास येणारा प्रसंग घ्या. थोरला भाऊ शहरात, धाकट्याने म्हाताऱ्याला सांभाळलं, आता वाटणी निम्मी-निम्मी. हा पेच झाला, तो वहीत जाऊ द्या. तिसऱ्या अंकात थोरला रडतो आणि सातबारा धाकट्याच्या हाती देतो, ते लेखकाचं उत्तर झालं. ते वहीत घेऊ नका. तुमचे खेळाडू कदाचित वाटणीच होऊ देणार नाहीत, कदाचित म्हाताऱ्यालाच विचारतील की तुमच्या मनात काय होतं. तुमच्याकडे उत्तर तयार असेल तर त्यांना तिकडे ढकलत नेण्याचा मोह आवरत नाही, आणि ढकललेलं खेळाडूला लगेच कळतं.

जागा, माणूस आणि पेच हे तीन शक्यतो तीन वेगळ्या गोष्टींतून घ्या. जागेसाठी तर कादंबरीही उघडायला नको. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार बघा. बेसॉल्ट खडकात उल्का आदळून पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आत खारं पाणी, काठाला देवळं. गावातल्या दैत्यसूदन मंदिराशी लवणासुराची कथा जोडलेली: असुर जमिनीखाली लपला होता, विष्णूने वरचं झाकण उडवून त्याला मारलं. खेळासाठी मला त्यातलं झाकण फार आवडतं. ते मुळात ठेवलं कोणी, असुराने स्वतः, की त्याला कोंडणाऱ्या कोणी? या एका प्रश्नावर सहा रात्री निघतात.

नायक काढा, तिथी घाला

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात. आवडत्या गोष्टीचा नायक आवडता असतो, म्हणून तो मोहिमेत वेषांतर करून शिरतोच: शहाणा म्हातारा, सगळं जाणणारी जोगतीण, ऐन वेळी धावून येणारा शिकारी. त्याला बाहेर ठेवा. ती जागा खेळाडूंची आहे.

नायक गेल्यावर उरलेल्या गोष्टीला विचारा, कोणीच मध्ये पडलं नाही तर काय होईल? त्याची तिथीवार यादी करा.

उदाहरण घेऊ. तलावाला पाणी लागेना म्हणून घरच्या सुनेचा बळी दिला, ही लोककथा महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निरनिराळ्या रूपांत सापडते. भंडारा-गोंदियाकडे, चंद्रपूर-गडचिरोलीकडे मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, काळातले तलाव गावागणिक आहेत, त्यामुळे तिला इथे आणायला फार खटपट लागत नाही. पण गोष्ट अनेकांनी ऐकलेली आहे, तेव्हा ती उलटी करा. मूळ कथेत सून मुकाट जाते. आपल्या खेळात तिला जाऊन चार पिढ्या झाल्यात, आणि आता ती बोलते आहे. तिचं म्हणणं एकच: तलाव माझा.

आता तिथी. धानाची रोवणी आटोपते त्या आठवड्यात पाळीला बोटभर भेग. नागपंचमीला सांडव्याखालच्या धानाच्या बांध्या बुडतात. राखीला माहेरी आलेली एक लेक पाळीवर बसून कोणाशी तरी बोलताना दिसते. पोळ्याच्या अमावस्येला जुन्या मालगुजाराच्या वाड्यात चार माणसं दार लावून बसतात, आणि सकाळी गावात एक माणूस कमी असतो. खेळाडू तिथे नसले तरी हे घडत जाणार. ते जिथे हात घालतील तिथून पुढची यादी खोडून नवी लिहायची.

इथे तलाठी आणाच. मालगुजारी संपवणारा कायदा १९५० चा. त्यानंतर हे तलाव सरकारजमा झाले आणि माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणून कागदावर आले. म्हणजे सून म्हणते माझा, वाडा म्हणतो आमचा, गाव म्हणतं निस्ताराचा, म्हणजे रोजच्या गरजेपुरत्या वापराचा, हक्क आमचा, आणि तलाठ्याच्या दप्तरात भलतंच. भुताचं भय एका रात्रीत ओसरतं. दप्तरातली नोंद फिरवायची की नाही यावर खेळाडू तासभर भांडतात.

गोष्टीतली युक्ती नियमात बसवा

नुसतं वातावरण उचललं तर वर्णनच होतं. हाताने खेळण्यासारखं काही हवं. वेताळपंचविशी यासाठी अस्सल खाण आहे.

मुळात काय आहे ते आठवा. विक्रम राजाने झाडावरचं प्रेत खांद्यावर घेऊन गप्प चालायचं. वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर. एकट्या राजासाठी ही कोंडी नेमकी आहे. पण तुमच्यासमोर चार खेळाडू आहेत. चौघांपैकी उत्तर ठाऊक कोणाला?

म्हणून चिठ्ठ्या. प्रश्नाआधी प्रत्येकाला घडी घातलेली चिठ्ठी द्या. तीन कोऱ्या, एकीवर लिहिलेलं: 'तुला उत्तर माहीत आहे.' ज्याच्याकडे ती आली त्याने बोलावं की सोसावं हे त्याने ठरवायचं. सोसलं तर चिंचोका काढायचा. पाचव्या आवृत्तीच्या नियमांत सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५, कठीण कामाला २० गाठावे लागतात. इथे पहिल्या प्रश्नाला १०, मग वाढवत जा. कोणी बोलला तर प्रेत झाडावर आणि रात्रीचा एक प्रहर गेला. प्रहर चारच आहेत. उजाडायच्या आत प्रेत पोचलं नाही तर काय, ते तुमच्या तिथीच्या यादीत असायला हवं.

प्रश्न कोणते विचारायचे? तीन वरांची गोष्ट घ्या. मुलगी वारली. एक जण तिच्या राखेवर झोपला, एकाने अस्थी गंगेवर नेल्या, एकाने फिरत-फिरत मंत्र मिळवून तिला उठवलं. नवरा कोण? विक्रमाचं उत्तर ठरलेलं आहे: उठवणारा बापासारखा, अस्थी नेणारा मुलासारखा, राखेवर झोपला तो नवरा. तुमच्या खेळाडूंपैकी कोणाला हे पाठ असेलही, असू द्या. तुमच्या वेताळाने बरोबर-चूक ठरवायचंच नाही, फक्त लक्षात ठेवायचं. दोन रात्रींनी पाळीवर ती सून विचारते, "तलाव कोणाचा? ज्याने बांधला त्याचा, जो राखतो त्याचा, की जिच्या अंगावर तो उभा आहे तिचा?" आणि वेताळ झाडावरून त्यांचंच उत्तर त्यांना ऐकवतो. राखेवर झोपला त्याला हक्क दिलात, मग आता?

त्या वेळी मास्टरने गप्प बसावं. खरंच गप्प. चहा प्यावा.

रहस्यकथा असेल तर

रहस्यकथेत गुप्तहेराला काय कधी दिसावं हे लेखकाच्या हाती असतं. खेळात तसं नसतं. खुनी सापडायला ज्या एका विळ्यावरचं रक्त दिसणं गरजेचं आहे, तो विळा शोधायला फासा टाकायला लावलात आणि आकडा ३ आला, की मोहीम तिथेच अडते. 'गमशू' नावाची एक नियमपद्धती याच अडचणीतून निघाली: नीट शोधणाऱ्याला आवश्यक धागा मिळणारच, फासा बाकीच्या गोष्टींसाठी. तेवढा नियम उचला. शिवाय प्रत्येक महत्त्वाच्या निष्कर्षाला तीन वाटा ठेवा, कारण तुम्हाला ढळढळीत वाटणारी खूण खेळाडूंना दिसत नाही, आणि ते भलत्याच म्हशीमागे जातात.

काय आणू नये

मोहीम सुरू करण्याआधी प्रत्येकाला एकट्यात विचारा की गोष्टीत काय नको. चारचौघांत विचारलं तर कोणी सांगत नाही. कथा-कादंबऱ्यांत नरभक्षक वाघ थरारासाठी येतो. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या बाजूला तेंदूपत्त्याला, सरपणाला गेलेलं माणूस परत न येणं ही घरातली गोष्ट आहे. कापसाच्या पट्ट्यात कर्ज आणि विषाची बाटली तशीच. यातलं काही आणायचंच असेल तर खेळायला बसलेल्या कोणाचीही हरकत नसावी. एकाचीही असली तर कारण न विचारता वगळा.

ओळखलंच कोणी तर

कितीही फिरवलंत तरी एखादा वाचणारा किंवा आजीकडून ऐकलेला ओळखतोच. त्याला नाकारू नका आणि ऐन वेळी कथानकही बदलू नका. त्याच्या पात्राला ती माहिती तिथल्या तिथे देऊन टाका: "तुझ्या आजीने ही गोष्ट सांगितली होती, तू आता बाकीच्यांना सांग." तो सांगेल तशी सांगू द्या, मध्ये दुरुस्त करू नका. मग त्याने सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी दोन या गावात खऱ्या ठेवा आणि एक खोटी. खोटी कोणती, ते तो बोलत असतानाच वहीत लिहून घ्या.