पेरणी नक्षत्रावर नको, ओलीवर करा

२०२५ चा मे महिना आठवत असेल. २४ तारखेला मान्सून केरळात आला आणि २६ ला थेट मुंबईत. मराठवाड्यात वळवाने रानं आधीच भिजवली होती. आमच्या शिवारात दोन-चार जणांनी रोहिणी नक्षत्रातच तिफण धरली. मग पाऊस जो अडला तो जवळपास दोन आठवडे. वरची चार बोटं माती तापली, सोयाबीनचं बी फुगलं, मोड आला आणि मातीतच करपला. दुबार पेरणी. त्याच वर्षी सप्टेंबरात सीना, मांजरा काठच्या रानांत उभं सोयाबीन पाण्याखाली गेलं, शेंगेतच कोंब फुटले.

त्याआधी दोनच वर्षं, २०२३ ला, नेमकं उलटं झालं होतं. मान्सून मुंबईत पोचायला २५ जून उजाडला आणि ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीनला ऐन फुलोऱ्यात ताण बसला आणि पाठोपाठ पानं पिवळी पाडणारा पिवळा मोझॅक हा विषाणूरोग आला.

पाऊस लहरी झाला म्हणतो आपण, पण त्या लहरीलाही कारण आहे. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत २८० होता तो आता ४२० च्या वर गेला. जमिनीतून वर जाणारी उष्णता हा वायू अडवतो, गोधडीसारखी. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणजे भरायला वेळ घेते आणि रिती होते तेव्हा एकदम ओतते. शिवाय अरबी समुद्र तापलाय, तिथून बाष्पाचे लोट अधूनमधून जोरात येतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या, तेव्हा मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणारी अतिवृष्टी जवळपास तिप्पट झालेली दिसली. तेव्हा वर्षाची सरासरी किती, याला आता फारसा अर्थ नाही. दोन पावसांमधला खंड किती दिवसांचा, हे विचारा.

म्हणून यंदा तिफण जुंपण्याआधी मोजमाप करा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन, कापूस पेरू नका. महसूल मंडळाच्या ठिकाणचं पर्जन्यमापक तुमच्या वावरापासून दहा किलोमीटर लांब असू शकतं, त्याच्यावर विसंबू नका. सरळ भिंतींचा एखादा पत्र्याचा डबा झाडापासून लांब, उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी पट्टी बुडवून आकडा भिंतीवर लिहा. ७५ मिलिमीटर म्हणजे एकरी तीन लाख लिटर पाणी. काळ्या रानाच्या भेगा पिऊन उरायला तेवढं लागतंच. मग खुरप्याने वीतभर खोल उकरा. तळाशी कोरडं लागलं तर थांबा. मुठीत मातीचा गोळा करून कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आहे; चपटा बसला तर अजून एक दिवस जाऊ द्या. शेजाऱ्याने पेरलं म्हणून आपलंही पेरायचं, ही घाई सगळ्यात महाग पडते.

यंदा बियाण्याकडे जास्त लक्ष हवं. गेल्या सप्टेंबरच्या पावसात भिजलेल्या सोयाबीनचं घरचं बी वरून पिवळंधमक दिसलं तरी आतून मेलेलं असू शकतं. शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहाव्या-सातव्या दिवशी निरोगी कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बी पुरे. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो वाढवा. साठच्या खाली असेल तर ते बाजारात विका, पेरू नका. पोतं आपटू नका, सोयाबीनचं टरफल पातळ असतं. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी रायझोबियम, म्हणजे हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू. हा क्रम उलटा केला तर जिवाणू मरतात. बी तीन-चार सेंटिमीटरच्या खाली घालू नका.

पेरणी उताराला आडवी करा. बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा सरीचं यंत्र मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर दर चार ओळींनंतर एक तास, म्हणजे एक ओळ, मोकळं सोडा आणि महिनाभराने कोळप्याला दोरी गुंडाळून तिथे सरी पाडा. अतिवृष्टीत हीच सरी पाणी बाहेर काढते, खंडात हीच ओल धरते. माझ्या अनुभवात बाकी कुठल्या औषधापेक्षा या मोकळ्या तासाने जास्त वाचवलं आहे. एक ओळ वाया जाते म्हणून जीव तुटतो, ते खरं.

खंड पडला की भेगा मोठ्या होण्याआधी कोळपणी करा. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं उगाच म्हणत नसत. भुसभुशीत थर वरून बसला की खालची ओल उडत नाही. पंधरा दिवस ओढ दिली तर १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) खत १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम घेऊन फवारा, सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर. अशा उष्ण, कोरड्या दिवसांत पांढरी माशी वाढते आणि तीच मोझॅक पसरवते. पिवळे चिकट सापळे लावा, पिवळी पडलेली झाडं उपटून पुरा.

सोयाबीनला वरून युरिया देऊ नका. हे पीक हवेतला नत्र स्वतः घेतं. जास्तीच्या नत्राने नुसता पाला माजतो आणि त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, जो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे. धसकटं जाळू नका, कुजवा.

पाऊस लांबला तर? मूग, उडदाचा नाद जुलैचा पहिला आठवडा उलटला की सोडा. सोयाबीनला १५ जुलैपर्यंत वाट बघा, त्यानंतर बाजरी, सूर्यफूल किंवा तूर. या बियाण्याची एक-एक पिशवी आत्ताच कुणाकडे मिळेल ते विचारून ठेवा, कारण त्या आठवड्यात सगळा तालुका दुकानात असतो.