ऑपरेशन दुर्बिणीचं असो की पोट उघडून, जखमेच्या बाबतीत या चुका टाळा

‘दुर्बिणीचं की हो सिस्टर, कापलंय कुठं?’ बेळगावकडचं खानापूर असो नाहीतर निपाणी, हे वाक्य ठरलेलं. ड्रेसिंग करण्यात माझी तीस वर्षं गेली, तरी ऐकलं की अजून डोकं फिरतं. कापलेलं असतं हो! भोक पाच नाहीतर दहा मिलिमीटरचं, पण कातडी, चरबी, स्नायूंवरचा पडदा, सगळं भेदून आत गेलेलं. खराब झालेलं पित्ताशय किंवा अपेंडिक्स अशाच एखाद्या भोकातून बाहेर काढतात, पुष्कळदा बेंबीतून. म्हणून दुर्बिणीनंतर जखम बिघडली, तर बहुतेक वेळा बेंबीचीच. पोट उघडून केल्यापेक्षा पू होण्याचं प्रमाण यात कमी, हे मान्य. पण बिघडायची रीत वेगळी, आणि तिथंच माणसं फसतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टाके सुकले की विषय संपला असं धरणं. खानापूरच्या जंगलपट्टीतला एक गडी, पित्ताशय दुर्बिणीनं काढलेलं. आठ दिवसांत जखम कोरडी. चौथ्या आठवड्यात बेंबीजवळ गाठ आली, फुटली, पाणी आलं, सुकली, परत फुटली. मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या, असं तीनदा. दोन महिन्यांनी माझ्याकडं आला, तोवर वरच्या भोकालाही तेच. नेहमीच्या तपासणीत पुवात जंतू सापडला नाही. सर्जननी नमुना मुद्दाम टीबीच्या कुळातल्या जंतूंसाठी पाठवला, तेव्हा उलगडा झाला. हा टीबी नव्हे, घरच्यांना लागत नाही. पण साध्या गोळ्यांना दादही देत नाही. दुर्बिणीची हत्यारं लांब, सांध्यासांध्यांची. जंतुनाशकात पुरेसा वेळ बुडवली नाहीत किंवा नंतर नळाच्या पाण्यानं खंगाळली, की हा जंतू आत शिरतो. त्या गड्याला कित्येक महिने औषधं घ्यावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येकाला कॅलेंडरवर तीस दिवसांनंतरच्या तारखेवर गोल करायला लावते. त्या दिवशी आरशासमोर पोट बघायचं. हर्नियासाठी आत जाळी घातली असेल तर नव्वद दिवसांनीही. गाठ दिसली तर मेडिकलकडं नाही, सर्जनकडं.

पोट उघडून झालेल्यांची चूक याच्या उलटी. पाचव्या ते आठव्या दिवशी काहींची पट्टी एकदम गुलाबी पाण्यानं भिजते. दुखत नाही, ताप नाही, म्हणून घरचे म्हणतात, ‘घाण जातेय, जाऊ दे.’ एका आजींच्या घरी दिवसभरात चार लुगडी फाडून बांधली. संध्याकाळी खोकला आला आणि आतडं बाहेर. ते पाणी म्हणजे आतला पडदा सुटत असल्याची खूण. आतडं दिसलं तर आत ढकलू नका. सलाईननं भिजवलेलं स्वच्छ कापड ठेवा, तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका आणि गाडी काढा. आजी वाचल्या, पण त्या रात्री बेळगावला पोचेपर्यंत माझ्याच पोटात गोळा आला होता.

बाकीच्या चुका पटापट सांगते.

जखमेत हळद, राख, नाहीतर मेडिकलमधली पावडर भरू नका. खपली दिसते सुकी आणि खाली पू साचतो.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री घरी ब्लेडनं केस काढू नका. बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात.

दुर्बिणीनंतर खांदा दुखला तर हृदयाचा झटका समजून घाबरू नका. पोटात भरलेल्या वायूमुळं छाती आणि पोटामधला पडदा चेतवला जातो, दोनतीन दिवसांत बरं वाटतं. छातीत दुखून दम लागला तर मात्र थांबू नका.

तंबाखू आणि बिडी सोडा. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात हे सांगणं म्हणजे दगडावर पाणी, तरी सांगते.

‘लहान भोक’ म्हणून पंधराव्या दिवशी भाताचं पोतं उचलू नका. दहा मिलिमीटरच्या भोकातूनही हर्निया होतो. दुर्बीण असो की पोट उघडून, मी सहा आठवडे जड काही उचलू देत नाही. लावणीच्या दिवसांत भांडणं होतात, होऊ देत.

आणि अंडी, डाळ बंद करू नका. ‘पू धरतो’ म्हणून सासूबाई रुग्णाला नुसत्या पेजेवर ठेवतात. जखम भरायला प्रथिनं लागतात, हे मी दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या सासूबाईंना सांगत असते.