जुना ४-२० मिलीॲम्पचा ट्रान्समीटर काढून स्मार्ट बसवताना

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मी ज्या प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटची कामं घेतो, तिथे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर, म्हणजे प्रेशर, लेव्हल, फ्लो मोजून त्याचा ४ ते २० मिलीॲम्पचा करंट पाठवणारे नग, अजून तग धरून आहेत. झाकणाखाली झिरो आणि स्पॅनचे दोन स्क्रू, आत एक बोर्ड, बाहेर दोन वायर. नग वाईट नाहीत, पण बोर्ड गेला की स्पेअर मिळत नाही, आणि मग हार्टवाला (त्याच वायरवरून डिजिटल माहितीही पाठवणारा) स्मार्ट ट्रान्समीटर मागवला जातो. काम निघतं ते चवथीत, कारण प्लांट तेव्हाच बंद; हेल्पर मात्र माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान आणायला गावाला गेलेले. नवा नग त्याच दोन वायरवर, त्याच २४ व्होल्टवर चालतो, त्यामुळे "अर्ध्या तासाचं तर काम" असं ऑफिसात धरलेलं असतं.

प्लांट बंद व्हायच्या आधीच जुन्याची नोंद घ्या. नेमप्लेटवरच्या रेंजवर विसंबू नका; इतक्या वर्षांत कुणी ना कुणी स्क्रू फिरवलेला असतोच. शिफ्ट इंजिनिअरची परवानगी घेऊन लूप (सप्लाय, ट्रान्समीटर आणि कंट्रोल यांची साखळी) मॅन्युअलला टाका, ट्रिप (आपोआप बंद पाडणारी यंत्रणा) बायपास करा आणि हँडपंपाने ०, २५, ५०, ७५, १०० टक्के प्रेशर देऊन करंट लिहून घ्या. ४, ८, १२, १६, २० यायला हवेत. त्यासाठी वायर सोडायची गरज नाही. बऱ्याच ट्रान्समीटरवर टेस्टची वेगळी टर्मिनलं असतात, मिलीॲम्पवर ठेवलेला मीटर तिथेच लावा.

आता खरी मेख: लूपचा लोड. नव्या नगाच्या कागदावर किमान व्होल्टेज लिहिलेला असतो, समजा १०.५. सप्लाय २४, म्हणजे बाकी सगळ्यांना मिळून उरले १३.५ व्होल्ट. हे २० मिलीॲम्पने भागू नका. फॉल्टच्या वेळी करंट २१ च्या वर जातो, म्हणून मी २२.५ धरतो. उत्तर येतं ६०० ओहम. आता लूपमध्ये काय काय आहे ते मोजा. पीएलसीचं (प्लांट चालवणाऱ्या कंट्रोलरचं) इनपुट कार्ड २५० ओहम, कुणीतरी कधीतरी जोडलेला रेकॉर्डर २५०, सॉल्व्हंटच्या भागात असेल तर झेनर बॅरियर (ठिणगी टाळायला करंट-व्होल्टेज अडवणारा डबा) साधारण ३४०. केबलचा वाटा किरकोळ: दीड स्क्वेअरची तांब्याची वायर किलोमीटरला एका कोअरमागे १२ ओहमच्या आसपास. बेरीज ८५० च्या घरात.

मग होतं काय? ट्रान्समीटर सुरू होतो, खालच्या लेव्हलला अगदी बरोबर दाखवतो, सगळे घरी जातात. टाकी भरत जाते आणि आकडा ७४ टक्क्यांवर चिकटतो, कारण त्या लोडमधून १६ मिलीॲम्पच्या वर करंट ढकलायला व्होल्टेजच उरत नाही. लोक सेन्सरला दोष देतात. उपाय सोपा आहे: ट्रेंड आता पीएलसीत दिसतो, तेव्हा रेकॉर्डर काढा, आणि झेनरच्या जागी हार्ट जाऊ देणारा आयसोलेटर बसवा. त्याचे व्होल्टेज-करंट ट्रान्समीटरच्या सर्टिफिकेटवरच्या मर्यादेत बसतात ना, तेही पाहा.

कधी उलटंही होतं. काही कार्डांचा इनपुट ५० ओहमचाच असतो आणि मग कम्युनिकेटरला (हार्ट सेटिंगच्या हातातल्या यंत्राला) ट्रान्समीटर दिसतच नाही. हार्टचा सिग्नल करंटवर स्वार झालेला असतो, १२०० आणि २२०० हर्ट्झचा. तो वाचायला लूपमध्ये साधारण २५० ओहम तरी लागतात. सीरिजमध्ये रेझिस्टर टाका आणि कम्युनिकेटर ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर लावा. पॉवर सप्लायवर लावून काही दिसणार नाही.

सेटिंगमध्ये युनिट आणि रेंज सगळेच भरतात. सुटतं ते पुढचं. पोल ॲड्रेस (हार्टवरचा त्या नगाचा नंबर) ० आहे का बघा. दुसरा काही असेल तर जुन्या हार्टच्या नगांत करंट ४ वरच गोठतो. प्रेशरच्या फरकावरून फ्लो काढणारा ट्रान्समीटर असेल तर त्या फरकाचं वर्गमूळ एकाच ठिकाणी काढा. जुना नग लिनिअर असेल तर पीएलसीत वर्गमूळ आधीच आहे. नव्यातही चालू केलंत, तर ५० टक्के फ्लोला स्क्रीनवर ७१ दिसतील आणि प्रॉडक्शनवाले खूश होतील. डॅम्पिंग (आकड्याची थरथर दाबणारं सेटिंग) बॉक्समधून येतं तसं सोडू नका. टाकीत ॲजिटेटर असेल तर ३-४ सेकंदांपासून सुरुवात करा, नाहीतर व्हॉल्व्ह दिवसभर नाचत राहतो.

बिघाड झाला की करंट वर न्यायचा की खाली, म्हणजे फॉल्टचा जंपर हाय की लो, हे स्टोअरवाल्याला विचारून ठरत नाही. भरणाऱ्या पंपाच्या टाकीवर लो ठेवला, तर ट्रान्समीटर मेल्यावर पीएलसीला टाकी रिकामी वाटते आणि पंप भरतच राहतो. तिथे हाय. खालच्या पंपाला ड्राय रनपासून वाचवायचं असेल तर लो. पीएलसीत ३.६ च्या खाली आणि २१ च्या वर फॉल्ट धरलाय ना, तेही पाहून घ्या.

आपल्याकडचा पाऊस कॅटलॉग वाचून पडत नाही. नव्या नगाला केबलच्या दोन एंट्री असतात आणि न वापरलेल्या एंट्रीत लाल प्लास्टिकचं बूच असतं. ते फक्त वाहतुकीसाठी. तिथे धातूचा प्लग टेफ्लॉन टेप लावून घट्ट बसवा, ग्लँडचं (केबल आत घेणाऱ्या सीलचं) तोंड खाली ठेवा, केबलला ग्लँडच्या आधी खाली झोल द्या म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. वायरच्या टोकाची जुनी लग हिरवी पडली असेल तर कापून नवी मारा. केबलमधली शील्ड (धातूचं आवरण) फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ करा, फील्डच्या टोकाला टेप गुंडाळा.

शेवटी कम्युनिकेटरवरून ४, १२, २० फोर्स करा आणि दुसऱ्या माणसाला पीएलसीचा आकडा फोनवर वाचायला सांगा. २० खरंच पोचतात का, हे याच वेळी कळतं. मग पुन्हा हँडपंपाने तेच पाच पॉइंट, वहीत जुन्या आकड्यांच्या शेजारी. बायपास काढा, इंजिनिअरची सही घ्या, आणि जुना नग टॅग लावून स्टोअरला द्या. भंगारात टाकायची घाई नको, त्याचा बोर्ड शेजारच्या टाकीला लागेल.