ईजीआर व्हॉल्व्ह बदलण्याआधी एवढं तपासा

तुर्भ्याला माझं गॅरेज आहे, आणि डिझेल गाड्या हेच रोजचं काम. गिऱ्हाईक येतं ते बऱ्याचदा असं सांगत, "दादा, ईजीआर गेलाय, नवीन टाका." कुठेतरी गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावलेला असतो, पी ०४०१ कोड आलेला असतो आणि त्या एका कोडवर महागडा व्हॉल्व्ह लिहून दिलेला असतो. पण तो कोड एवढंच सांगतो की जेवढा धूर परत इंजिनात जायला हवा तेवढा जात नाही. का जात नाही, ते शोधावं लागतं. व्हॉल्व्ह खरोखर मेलेला असतोच असं नाही.

ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन. त्याचं काम साधं आहे. सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला थोडा भाग तो परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत, सोडतो. त्या धुरात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे इंजिनात डिझेल जळतानाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. फुल रेस दिल्यावर मात्र इंजिनाला सगळी ताजी हवा लागते, म्हणून तेव्हा व्हॉल्व्ह बंद हवा.

लक्षणं यावरूनच ओळखायची. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर आयडलिंगला गाडी थरथरते, कधी सिग्नलला बंद पडते, पिकअप जातो आणि रेस दिली की काळा धूर. कोड बहुधा पी ०४०२, म्हणजे धूर गरजेपेक्षा जास्त जातोय. बंद अडकला तर चालवताना फारसं काही जाणवत नाही, नुसती चेक इंजिनची लाईट लागते आणि कोड येतो तो पी ०४०१. पेट्रोल गाडीत चढावर नॉकिंग, म्हणजे इंजिनातले ठोके, ऐकू येऊ शकतं. म्हणून कोड पी ०४०१ आणि तक्रार मात्र पिकअपची, असं असेल तर मी थांबतो. अशा वेळी एक तर काजळीने इनटेकच चोंदलेला असतो, नाहीतर दुखणं दुसरीकडे असतं.

ते दुसरीकडचं आधी बघा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. इंजिन गार असताना बोनेट उघडा. टर्बोपासून (तो हवा दाबून इंजिनात भरतो) इनटेकपर्यंतचा होज पाईप हाताने चाचपा. चीर असेल तर तिथे बहुधा तेलकट डाग दिसतो. एअर फिल्टर बघा. कूलंटची पातळी बघा. कूलंट कमी होतंय, बाहेर कुठे गळती नाही आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येतोय, तर ईजीआर कूलर, म्हणजे परत जाणारा धूर कूलंटने गार करणारा भाग, आतून फुटल्याचा संशय घ्या. अशी गाडी चालवत राहू नका.

मग स्कॅनर. फक्त कोड वाचून पुसू नका, लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनाचे त्या क्षणाचे आकडे, उघडा. इंजिन गरम, गाडी आयडलिंगला. गाडीच्या कंप्युटरने व्हॉल्व्हला दिलेला उघडायचा हुकूम किती टक्के, प्रत्यक्षात तो किती उघडला आणि आत जाणारी ताजी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर किती हवा दाखवतोय, हे तीन आकडे शेजारी ठेवा. व्हॉल्व्ह उघडला की धूर आत शिरतो, तेवढी ताजी हवा कमी होते, म्हणून एअर फ्लोचा आकडा खाली यायलाच हवा. व्हॉल्व्ह उघडल्याचं दिसतंय पण हवेचा आकडा जागचा हलत नाही? मग रस्ता चोंदलाय. हुकूम जातोय पण व्हॉल्व्हच हलत नाही? मग व्हॉल्व्ह, त्याची वायर किंवा कपलर (वायर जोडायचा प्लग). पी ०४०३, म्हणजे व्हॉल्व्हच्या विजेच्या सर्किटचा कोड, आला असेल तर वायरिंगपासूनच सुरुवात करा. आपल्याकडच्या पावसात कपलरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात.

आणखी एक चाचणी मला फार उपयोगी पडते. इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह असेल तर इग्निशन बंद करून त्याचा कपलर काढा आणि गाडी सुरू करा. वीज गेली की बहुतेक व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद होतात. गाडी तरीही थरथरत असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असू शकतो. पण गाडी एकदम सुधारली तर तो मोकळा आहे. त्याला चुकीचा हुकूम मिळतोय. तेव्हा एअर फ्लो सेन्सरवर नजर टाका. जुन्या व्हॅक्यूमवाल्या व्हॉल्व्हला हातपंप लावा. व्हॅक्यूम टिकला नाही तर आतला पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटलाय.

एवढं झाल्यावरच पाना हातात घ्या. खोललेला व्हॉल्व्ह उजेडात धरा आणि बोट फिरवा. काजळी कोरडी, भुकटीसारखी असेल तर ती बहुतेक कमी अंतराच्या फेऱ्यांची: शाळा, बाजार, माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर उभं राहणं. ओलसर आणि बोटाला चिकटणारी असेल तर ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) किंवा टर्बोतून तेल येतंय. ते थांबवलं नाही तर साफ केलेला व्हॉल्व्ह पुन्हा भरणार. हातमोजे आणि मास्क घाला, कार्ब क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश वापरा. मोटरच्या बाजूला स्प्रे मारू नका, दांडी जोर लावून ढकलू नका. चालू डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये क्लीनर तर कधीच मारू नका, इंजिन आवाक्याबाहेर रेस घेऊ शकतं. बसवताना पॅकिंग नवीन.

धुराच्या वाटेत प्लेट मारून ईजीआर बंद करून द्या, असंही लोक सांगतात. मी ते करत नाही. डिझेलच्या पीयूसीत धुराची घनता मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड नाही, त्यामुळे अशी गाडी आरामात पास होते आणि ठाणे-बेलापूर रोडवरच्या माणसांच्या छातीत ते जात राहतात. इथे आमची मुलं राहतात.

व्हॉल्व्ह बसवल्यावर ज्या गाडीला लागतं तिचं स्कॅनरने ॲडाप्टेशन करा, म्हणजे कंप्युटर बंद आणि उघड्याची जागा नव्याने शिकतो. कोड पुसा, पारसिक हिलच्या चढावर गाडी घेऊन जा, मग पाम बीच रोडवर एका वेगात थोडी चालवा आणि परत येऊन पेंडिंग कोड बघा. लाईट लागायच्या आधी तो तिथे दिसतो.